बर्फासाठी घेतलेले बूट

ऑपरेशननंतर पायातली कळ गेली, पण जाताना डाव्या तळव्याची बाहेरची कड सोबत घेऊन गेली. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि तिथून टाचेपर्यंतची एक पट्टी. पाय हलायचा, वजन घ्यायचा, दिसायलाही पूर्वीसारखाच होता. फक्त त्या पट्टीखाली फरशी आहे की चटई, ओलं आहे की कोरडं, हे मला खाली बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. कण्यातली गादी सरकली होती, नस फार दिवस दाबलेली राहिली होती. संवेदना परत येईल किंवा येणार नाही. घाई करू नका.

मला घाई करू नका म्हणणं म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मी तलाठी म्हणून नोकरीला लागले, पुढे मंडळ अधिकारी झाले. सगळी नोकरी चालण्यात गेली. भातकुलीकडची ती काळी, खारी जमीन. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की आख्खा पाय आत जावा, आणि पावसाळ्यात तीच जमीन चप्पल धरून ठेवते, सोडत नाही. गारपीट झाली की बांधाबांधाने पंचनामे करत फिरायचं. ऑपरेशननंतर साहेबांनी माझ्या भल्यासाठीच मला कचेरीत टेबलावर बसवलं, खुर्चीच्या पाठीला उशी लावून दिली. मला बसवेना. पाण्याचा जग भरलेला असला तरी भरायला उठायची. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. शेजारच्या टेबलावरच्या बाई एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुमी चालून राहता अन् चक्कर मले येते." घरी अमरावतीला आले की गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकत, इकडून तिकडे. नवरा खालून विचारायचा, "पडली तं नाही ना?"

माझा मोठा भाऊ अकोल्याला असतो. त्याचं टायर रिमोल्डचं दुकान आहे. ट्रकचं टायर घासून गुळगुळीत झालं की त्यावर नवं रबर चढवायचं, हे त्याचं काम. आईबाबा गेल्यानंतर आम्ही दोघं दर हिवाळ्यात एकदा तरी डोंगरात जायचो. गाविलगड, नरनाळा, सालबर्डी. त्याच्या घरच्यांना चालायचा कंटाळा आणि माझ्या नवऱ्याचे गुडघे वाईट, त्यामुळे आम्ही दोघंच. फार बोलायचोही नाही. तो पुढे, मी मागे, कधी उलट.

त्या वर्षी अकोल्याला त्याच्यासोबत सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी जानेवारीत हिमाचलला जायचं ठरवलं, बर्फातल्या ट्रेकला. दादाने आपलं नाव दिलं आणि मला काहीच सांगितलं नाही. मला ते वहिनीकडून कळलं. मी ट्रेक ठरवणाऱ्या माणसाचा नंबर तिच्याकडून घेतला आणि माझंही नाव देऊन टाकलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. एरवी त्याचं बोलणं जयभीमने सुरू होतं. त्या दिवशी तेही नाही.

"तुले कोनं सांगतलं नाव द्याले?"

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"माह्या पायाले काय झालं? माहा पाय चांगला हाय."

"माहाबी चालून राहिला."

"चालून राहिला. पण त्याले माहीत नाही ना तो चालून राहिला म्हणून!"

मी चिडले. तोही चिडला. शेवटी त्याने अट घातली. "बूट पक्के घे. घोट्याच्या वर येनारे, जाड सोलचे. मले दाखवजो. मंग बोलू."

राजकमल चौकातल्या एका दुकानात ट्रेकिंगचे बूट होते. मी तिथे गेले. शेतातून चालून चालून माझी बोटं पंख्यासारखी पसरलेली आहेत आणि त्या बुटांची तोंडं होती होडीच्या टोकासारखी निमुळती. दुकानदाराने एक नंबर मोठा काढला, मग आणखी एक. पुढे जागा उरली तरी बाजूने बोटं दाबलेलीच. आणि सोल केवढा! लेस बांधून मी उभी राहिले आणि डावा पाय नाहीसा झाला. जी काही थोडी खबर आतल्या कडेकडून येत होती तीही बंद. आरशापर्यंत चालले, वाटेतल्या बुटक्या स्टुलाला अडखळले आणि बाजूचा खोक्यांचा ढीग घेऊन खाली बसले. दुकानदार धावत आला. "लागलं का मॅडम?" म्हटलं, "माहीत नाही." मी खरंच सांगत होते. त्याला ती थट्टा वाटली.

माझी फिजिओथेरपिस्ट वयाने माझ्या मुलीएवढी. ती मला तांदळावरून, वाळूवरून, काथ्याच्या पायपुसण्यावरून अनवाणी चालवायची. "मेंदूला पायाची बातमी जात राहिली पाहिजे," असं तिचं म्हणणं. "घरात पातळ तळव्याचं काहीतरी घाला. जाड स्लिपर नको." ती घरात म्हणाली होती. मी ते वाक्य उचललं आणि थेट हिमालयात नेलं.

कारण मोबाईलवर शोधता शोधता मला बेअरफूट बूट सापडले होते. असेही बूट असतात हे मला माहीतच नव्हतं. तळवा पातळ आणि सपाट, टाच उचललेली नाही, पुढचा भाग पायाच्या खऱ्या आकाराएवढा रुंद. बूट हातात घेऊन घडी घालता येते. हिवाळ्यासाठीही मिळतात. आतून लोकर, बाहेरून पाणी अडवणारं चामडं. व्हिडिओत गोरी माणसं ते घालून बर्फातून आरामात चालत होती. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात धरून, उभ्यानेच, मी ते व्हिडिओ बघायची. एकदा सुरू झालं की थांबवेना. चामडं घ्यावं की कापड? घोट्यापर्यंत की वर? तळवा किती पातळ म्हणजे पातळ? एका ठिकाणी लिहिलेलं, लोकरी मोज्यासाठी एक नंबर मोठा घ्या. दुसऱ्या ठिकाणी, मोठा घेतला तर पाय आत सरकेल. माझा पाय सरकला तर मला कळणार कसं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मापासाठी नवऱ्याने मला कागदावर उभं केलं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली. डाव्या पायाच्या आतल्या कडेने पेन्सिल गुदगुल्या करत गेली. बाहेरच्या कडेला नुसती दिसली.

"अनवानी चालासाठी एवढे पैसे?" तो म्हणाला. "चप्पल काढून ठेव ना."

त्याच्या म्हणण्यात चुकीचं काही नव्हतं, पण मला काय हवं होतं ते त्यात नव्हतं. मला काय हवं होतं? खाली जमीन आहे, याची खात्री. बर्फ मी कधी पाहिला नव्हता, तो बघायचा होताच. पण त्याहून जास्त मला त्या उशीच्या खुर्चीपासून लांब जायचं होतं, इतकं लांब की कोणी मागून हाक मारून पडलीस का विचारणार नाही.

पहिला जोड आला तो रुंद होता, पण कापडाचा. बाथरूममध्ये बादलीत पाय बुडवून बघितला, मोजा लगेच ओला. परत पाठवला. दुसरा पावलाच्या वरच्या बाजूला इतका घट्ट की काढताना नवऱ्याची मदत लागली. तोही परत. कुरिअरचा माणूस गेटमधून हसायला लागला. त्यानंतरचा जोड तपकिरी चामड्याचा, घोट्याच्या वर येणारा, आत मऊ लोकर. घातला, गच्चीवर गेले. उजव्या पायाला गच्चीवरचा प्रत्येक खडबडीतपणा कळत होता. डाव्यालाही आतल्या बाजूने कळत होतं, आणि मला वाटलं, बाहेरच्या बाजूनेही थोडं थोडं. मी कितीतरी वेळ तिथे चालत राहिले.

दादा रेल्वेने येऊन बडनेऱ्याला उतरला आणि ऑटोने घरी आला. चहा बाजूला ठेवून त्याने बूट मागितला. आधी तळव्याची नक्षी बघितली. "पकड बरी हाय." रबरात नख रुतवलं, वास घेतला. मग बूट दोन्ही हातांनी धरून टाचेला टोक लावलं. बूट सहज दुमडला. दादा त्याच्याकडे बघतच राहिला.

"हे टायर हाय? ही तं ट्यूब हाय!"

"मले जमीन समजते त्याच्यात."

"जमीन तुले समजनारच. थेट आतच येईन ना जमीन!"

आमचं पुन्हा वाजलं. नवरा उठून आत गेला. शेवटी मीच म्हटलं, भांडण नको, घालून बघू. गाविलगडावर जाऊ. जमलं तर जमलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही त्याच्या गाडीने परतवाड्यावरून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो. वर चांगलाच गारठा होता, गवत दवाने पांढरं पडलेलं, श्वासाची वाफ दिसत होती. गाडी लावून आम्ही किल्ल्याकडे निघालो आणि पहिल्या उतारालाच मला जाणवलं की हे वेगळं आहे. उजव्या पायाखाली प्रत्येक खडा, प्रत्येक मूळ. बोटं आपोआप पसरत होती, जमीन धरत होती. डावा पाय त्याच्या मागोमाग, जोडीदाराचं बघून करणाऱ्यासारखा. मी पुढे गेले. पायवाट सोडून तळ्याच्या कडेने गेले, दगडांवरून गेले, वाळलेल्या गवतातून गेले. दादा मागून ओरडत होता, "हळू वं! कायले पळून राहिली?" मला हळू जायचं नव्हतं. किती महिन्यांनी मी कुठेतरी पोचण्यासाठी चालत होते. थंडीने कान दुखत होते आणि मी मनातल्या मनात बर्फात पोचलेलीही होते.

एका पडक्या भिंतीवर बसलो. उजव्या बुटात खडा शिरला होता, तो टोचत होता म्हणून मी बूट काढला, झटकला. मग काढलाच आहे तर दुसराही काढावा, म्हणून डावा.

करड्या लोकरी मोज्याची बाहेरची कड लाल होती.

आधी मला वाटलं, बुटाचा रंग लागला असेल. दादाने खाली वाकून बघितलं आणि माझ्या हातातून बूट घेतला. बुटाच्या तळव्यात हिवराचा काटा घुसलेला होता. आमच्याकडे हिवराच्या झाडाचे पांढरे काटे बोटाएवढे लांब असतात. बाहेरून त्याचं बूड फक्त दिसत होतं. टोक करंगळीच्या खाली मोडून राहिलेलं. तो कधी रुतला कोण जाणे. गवतात, बहुतेक. म्हणजे तिथून इथपर्यंत मी त्याच्यावर वजन देत, खुशीत चालत आले होते.

दादाने माझा पाय मांडीवर घेतला. खिशातल्या चाकूने मोजा कापला. नखांनी धरून, टायरमधून खिळा काढतात तसा, अंदाज घेत घेत त्याने टोक बाहेर काढलं. मी त्याच्या बोटांकडे बघत होते, कोणा दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तशी.

"दुखलं नाही?"

"नाही."

"आता, काढलं तवा?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याने बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं, रुमाल बांधला आणि चालायला लागला. मी मागून गेले. गाडीपाशी पोचले तेव्हा तो समोरची काच पुसत होता. काच स्वच्छ होती. तो एकाच जागी पुसत होता. मी दार उघडून आत बसले तरी त्याचं पुसणं चालूच.

परतवाड्याला एका दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

दोन दिवसांनी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने जखम बघितली, बूट बघितले, आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "मी घरात म्हटलं होतं!" मग शांत होऊन सांगितलं, "बर्फात पाय आधी दुखतो, मग बधिर होतो. दुखतो तेव्हा माणूस थांबतं, बूट काढतं, पाय गरम करतं. तुमचा पाय सुरुवातच बधिर होण्यापासून करणार. बोटं काळी पडली तरी तुम्हाला काढून बघेपर्यंत कळणार नाही."

"आणि जाड बूट घातले तर?"

"तर काटा लागणार नाही. तोल जाईल, बोटं दाबली जातील, आणि गारठलेलं तरीही कळणार नाही."

मी ऐकून घेतलं, बाहेर आले, आणि गाडी न काढता रस्त्याने चालत सुटले. मग आठवलं की पायाला पट्टी आहे. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. तोवर मी बूट चुकीचे निवडले की बरोबर, दादा जिंकला की मी, एवढंच डोक्यात होतं. माझ्या पायासाठी त्या बर्फात चालायचा बूटच नव्हता, पातळही नाही आणि जाडही नाही, हे त्या पायरीवर बसल्यावर कळलं. रडू आलं नाही. नुसती अंगात आग. समोरून माणसं चालत होती, पायांकडे न बघता, आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता.

ट्रेकवाल्या माणसाला मी नाव काढायला सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या भावानं तं त्यांचं आधीच काढलं."

मी पुढच्या शनिवारी अकोल्याला गेले. दादाने फोनवर बजावलं होतं, येताना ते बूट आण. का ते सांगितलं नव्हतं. दुकानात गरम रबराचा वास, सगळीकडे काळी धूळ. मी एका टायरवर बसले आणि बसल्या बसल्या भांडायला सुरुवात केली.

"तू काहून नाव काढलं? तू जा. माह्यासाठी थांबू नोको."

"तुह्यासाठी नाही थांबून राहिलो."

"मंग?"

"मी तथी जाऊन काय करू? बर्फ पाहू का तुह्या पायाचा विचार करू?" तो माझ्याकडे न बघता कपाटातून एक रबराचा तुकडा काढत होता. "कुठी टोचलं तं नसन, कुठी भाजलं तं नसन. तू तं सांगनार नाही. तुलेच माहीत नाही तं काय सांगशीन?"

मग त्याने माझे बूट घेतले. आतला लोकरीचा तळवा काढला. तो तुकडा कुठल्यातरी यंत्राच्या पट्ट्याचा होता, आत कापडाचे थर असलेला. त्याने बूट त्यावर ठेवून खडूने आखलं आणि चाकू पाण्यात बुडवून बुडवून रबर कापलं. लोकरीखाली बसवलं. मी घालून टायरांच्या मधून चालले.

"जाड झाला."

"राहू दे."

"नाही. उजव्याले काहीच समजून नाही राहिलं आता."

त्याने कुरकुर करत यंत्रावर तुकडा घासला. मी घातला, चालले. अजून जाड. पुन्हा घासला. दुकानातली माणसं काम सोडून बघत होती. शेवटी अशी जाडी आली की उजव्या पायाला जमिनीवर पडलेला नट कळत होता आणि दादाने वरून दाबलेला खिळा आरपार जात नव्हता. कडेला मात्र तो तुकडा किंचित वर उचललेला राहिला. तो अजूनही तसाच आहे.

जानेवारीत त्या मंडळींचे बर्फातले फोटो यायला लागले. लाल टोप्या, आरशासारखे चमकणारे गॉगल, आणि मागे सगळं पांढरं. दादाने एकही फोटो मला पाठवला नाही. ते वहिनीने पाठवले. मी प्रत्येक मोठा करून बघितला, कोणाच्या पायात कोणते बूट आहेत ते. मग फोन उपडा ठेवला आणि व्हरांड्यात गेले.

त्याच महिन्यात साहेबांना अर्ज दिला की मला पुन्हा मंडळात पाठवा. ते म्हणाले, आठवड्यातून थोडे दिवस जा, बाकीचे इथे बसा. मी हो म्हटलं. कुठूनतरी सुरुवात हवी होती.

थंडी उतरायच्या आत आम्ही सालबर्डीला गेलो. मोर्शी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, रस्त्याच्या कडेला क्रेट भरून चाललेली फळं. सकाळचं धुकं होतं, नदीचं पाणी हात घातला तर झोंबत होतं. आमचा एकच नियम ठरला होता. जिथे थांबू तिथे बूट काढायचे आणि पाय दादाने बघायचा. मी बघायचं नाही, कारण मी घाईत बघते, असं तो म्हणाला. ते खरं आहे.

पहिल्या चढानंतर एका खडकावर बसलो. दादाने माझा डावा पाय मांडीवर घेतला, चष्मा वर केला आणि बोटाबोटांमध्ये बघायला लागला. डोंगरावर दर्शनाला निघालेलं एक कुटुंब समोरून गेलं. त्यातल्या म्हाताऱ्या बाई थांबून बघायला लागल्या. एवढा पांढऱ्या केसांचा माणूस बाईचा पाय घेऊन बसलेला. मी पाय ओढून घ्यायला लागले. दादाने सोडला नाही.

"बहीन हाय माही," तो त्यांना म्हणाला. "पाय पाहून राहिलो."

"लागलं काय?"

"नाही जी. लागलं नाही, तेच पाहून राहिलो."

बाई मान हलवत गेल्या. मला हसू आलं. दादालाही. मग तो म्हणाला, "डोळे मिट." मी मिटले. "सांग, कुठी दाबलं?"

"अंगठा."

"हव. आता?"

"टाच."

"आता?"

काहीच नव्हतं. झाडीतून पाखरं ओरडत होती, खाली नदी वाहत होती. मी वाट बघत राहिले. "करंगळी," मी म्हटलं.

"अंदाजानं सांगतलं का?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"नाही ना माहीत, दादा!"

"बरं, पुन्हा." मी म्हटलं टाचेजवळ, तर त्याने बोट लावलंच नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "पुन्हा," आणि मी डोळे उघडले. ऊन वर आलं होतं आणि मला निघायचं होतं. मी मोजा चढवला, बुटाची लेस ओढली. तो म्हणाला, पायऱ्यांनी जाऊ. मी म्हटलं, नदीच्या अंगाने. तो म्हणाला, तिकडे काटे आहेत. मी उतरायला लागले होते. मागून त्याचे जड बूट दगडांवर वाजत येत होते, आणि तो मला हळू जायला सांगत होता.